खाजगी मैलाचा रकाना

बुलढाण्याच्या वकील मंडळींनी दादासाहेब टाकळीकरांचा फोटो बार रूममध्ये लावायचं ठरवलं, तेव्हा त्यांच्यातला एक तरुण वकील खामगावला माझ्या घरी आला. दादासाहेबांकडे नऊ वर्षं कारकुनी केलेला माणूस अजून जिवंत आहे, हे त्याला कुणीतरी सांगितलं होतं. समारंभात दोन शब्द बोला, असा त्याने आग्रह धरला. मी म्हटलं, मला बोलता येत नाही. तो हसून म्हणाला, अहो, चार आठवणी सांगायच्या. मी त्याला चहा पाजून परत पाठवलं. आठवणी पुष्कळ आहेत. पण हार घातलेल्या फोटोखाली उभं राहून सांगावी अशी त्यात एकही नाही.

मला तो माणूस आवडत नव्हता. नऊ वर्षांत एक दिवससुद्धा आवडला नाही. त्यांनी माझा पगार कधी थकवला नाही, मला कधी अरेतुरे केलं नाही, माझ्या मुलीच्या आजारपणात न मागता रजा दिली. हे सगळं खरं आहे आणि तरीही मी म्हणतो ते खरं आहे.

उंच, वाळकी अंगकाठी, बंद गळ्याचा पांढरा कोट, काळी टोपी, नाकावर सोनेरी काडीचा चष्मा. आवाज कधी चढला नाही. चपराशापासून मुन्सफापर्यंत सगळ्यांना ‘अहो’ म्हणत, आणि त्या ‘अहो’ने माणूस जागच्या जागी लहान होई. खेड्यातून आलेला पक्षकार रडत रडत हकीकत सांगू लागला की ते त्याला मधेच थांबवून तारीख विचारत, आणि त्याला तारीख आठवेपर्यंत पेन्सिलीला टोक करीत बसत. आलेली पाकिटं उलगडून आतल्या कोऱ्या बाजूवर टिपणं काढत. पक्षकाराच्या घरचं पाणीसुद्धा घेत नसत.

आणि खोटं बोलत नसत. हे मी आधीच सांगून टाकतो, कारण पुढे जे झालं ते त्यामुळेच झालं. बुलढाण्यात तेव्हा सात-आठ नाव असलेले वकील होते. मिळालेली प्रत्येक फी वहीत मांडणारे हे एकटेच. साक्षीदाराला पढवणार नाहीत, मागची तारीख घालून कागद करणार नाहीत. लोक त्यांना मानत. मीही पहिली दोन वर्षं मानत होतो.

त्यांची मोटार मी तिथे लागल्यावर तिसऱ्या वर्षी आली. विलायतेला परत चाललेल्या एका इंजिनियर साहेबाकडून त्यांनी ती घेतली. गर्द हिरवी, काळ्या कापडी टपाची. हौस म्हणून घेतली असं कुणी म्हणालं तर त्यांना राग येई. बुलढाण्याला रेल्वे नाही. मेहकरला, मलकापूरला, खामगावला कोर्टाच्या तारखा असायच्या, आणि उतारूंच्या सर्व्हिस मोटारीच्या भरवशावर तारीख गाठता येत नसे. गाडी कामासाठी घेतली होती आणि कामासाठीच वापरायची होती. ड्रायव्हर म्हणून खामगावचा शेख चांद आला. आम्ही त्याला चांदमिया म्हणायचो. चाळिशीचा, ठेंगणा, हातांना कायम तेलाचा वास. त्याचा बाप कापसाच्या एका जिनिंगमध्ये इंजिनावर होता, त्यामुळे यंत्राचा आवाज ऐकून त्याचं दुखणं ओळखणं याच्या रक्तात होतं.

गाडी आली त्याच्या पुढल्या वर्षी इन्कमटॅक्सच्या साहेबांचा मुक्काम डाक बंगल्यात पडला. साहेब नागपूरकडचे, वयाने दादासाहेबांपेक्षा वीस वर्षांनी लहान, हळू बोलणारे. व्हरांड्यात खुर्च्या मांडलेल्या होत्या. एक डॉक्टर, दोन कापसाचे अडते, आम्ही. ज्यांच्याकडे मोटार होती त्या सगळ्यांचा साहेबांनी एकच हिशेब केला. मोटारीच्या खर्चाचा पाऊण भाग धंद्याचा म्हणून मंजूर, पाव भाग घरच्या वापराचा म्हणून नामंजूर. त्या पाव भागावर कराची सूट नाही. डॉक्टर हसले आणि सही करून मोकळे झाले. अडत्यांना तर पाव भागावर सुटलो याचाच आनंद झाला. दादासाहेब मात्र उठून उभे राहिले.

माझी गाडी मी घरासाठी वापरतो हे आपल्याला कुणी सांगितलं, असं त्यांनी विचारलं. साहेब म्हणाले, कुणी सांगितलेलं नाही, तसा प्रघात आहे. मोटार असली की माणूस घरच्यांना कुठेतरी नेतोच. दादासाहेब म्हणाले, प्रघात म्हणजे पुरावा नव्हे. साहेबांनी शांतपणे उत्तर दिलं की तुमच्याकडेही पुरावा नाही. मैलांची वही ठेवा, दाखवा, मी सगळा खर्च मंजूर करीन.

“ठेवतो,” दादासाहेब म्हणाले. “त्या वहीत एक जरी खाजगी मैल सापडला, तर गाडीचा सगळाच खर्च मी आपण होऊन सोडून देईन.”

हे व्हरांड्यातल्या सगळ्यांनी ऐकलं. संध्याकाळपर्यंत गावाने ऐकलं. प्रश्न किती पैशांचा होता ते मला ठाऊक आहे, कारण हिशेब मीच मांडला होता. तेवढ्यात माईंना, म्हणजे त्यांच्या पत्नीला, एक बरं लुगडं आलं असतं. फार तर दोन.

दुसऱ्या दिवशी त्यांनी माझ्याकडून मेणकापडाच्या पुठ्ठ्याची वही आखून घेतली. तारीख, कुठून, कुठे, निघतानाचा मीटर, पोचल्याचा मीटर, काम, पक्षकाराचं नाव. आणि सगळ्यात शेवटी एक अरुंद रकाना: खाजगी. तो त्यांनी मुद्दाम आखायला लावला. रिकामा रकाना दिसला पाहिजे, म्हणाले.

तेव्हापासून गाडीत बसण्याआधी ते मीटरपाशी वाकत, चष्मा कपाळावर सारून आकडा वाचत आणि मला सांगत. मी लिहीत असे. उतरल्यावर पुन्हा तेच. भर बाजारात, कोर्टाच्या आवारात, चिखलात, पावसात. पोरंटोरं लांबून त्यांची नक्कल करत. कधी चांदमियाने खड्डा चुकवायला वळसा घेतला की मागच्या सीटवरून प्रश्न यायचा, “हा फर्लांग कुणाचा?”

गावाला वाटलं, वकील आहे, मैल बसवून टाकेल. घरच्या मैलांना काहीतरी काम चिकटवेल आणि वही जुळवून ठेवेल. मलाही तसंच वाटलं होतं. त्यांनी तसं केलं असतं तर आम्ही सगळे सुटलो असतो. पण ते खोटं लिहिणार नव्हते. वहीत खाजगी मैल दिसायचा नाही, तर आयुष्यातच तो होऊ द्यायचा नाही, एवढं सरळ त्यांनी केलं.

माई बुटक्या, गोल चेहऱ्याच्या, बोलताना समोरच्याचा हात धरणाऱ्या. मूलबाळ नव्हतं. चिखलीला त्यांची धाकटी बहीण दिलेली होती. वही सुरू होण्याआधी त्या दोनदा मोटारीत बसल्या होत्या, आणि दोन्ही वेळा उतरल्यावर चांदमियाला घरात बोलावून त्यांनी लाडू दिले होते. एकदा बहिणीच्या मुलाची मुंज निघाली. योगायोग असा की त्याच दिवशी दादासाहेबांना चिखलीला तारीख होती. माईंनी माझ्यादेखत विचारलं, गाडी जातेच आहे, मागची जागा रिकामी आहे, मी बसू का? मैल काही वाढत नाहीत.

दादासाहेबांनी प्रश्न नीट विचारात घेतला. ते प्रत्येक प्रश्न नीट विचारात घेत. मग म्हणाले, “मैल वाढत नाहीत हे बरोबर. पण उद्या मला शपथेवर विचारलं की गाडीत कोण होतं, तर मला तुझं नाव सांगावं लागेल. मग खेप कामाची होती की मुंजीची, हा वाद निघतो.”

माई सर्व्हिस मोटारीने गेल्या. आम्ही तासाभराने निघालो. रस्त्यात ती मोटार आम्हाला पुढे दिसली. टपावर गाठोडी, मागे धुळीचा लोट. चांदमियाने भोंगा वाजवून ती मागे टाकली. मी डाव्या बाजूला बसलो होतो. खिडकीत माई होत्या, तोंडाला पदर लावून. त्यांनी आम्हाला पाहिलं. माझ्याकडे बघून त्या ओळखीचं हसल्या, जसं रस्त्यात कुणीही भेटल्यावर करतात. दादासाहेब कागद वाचत होते. माझ्या शेजारची ती रिकामी जागा मला चिखलीपर्यंत पाहवली नाही.

चांदमियाचं पुढच्या पावसाळ्यानंतर झालं. दादासाहेबांना मलकापूर स्टेशनावर नागपूरच्या गाडीला सोडून तो रिकामी मोटार घेऊन परत येत होता. घाटात एक भाजीची बैलगाडी उलटली होती आणि गाडीवानाचा पाय चाकाखाली चिरडला होता. त्याचा भाऊ रस्त्यात आडवा उभा राहिला. चांदमियाने दोघांना गाडीत घातलं, वर आणलं, थेट सरकारी दवाखान्यात नेलं आणि मग मोटार घरी आणली. सीट धुतली. दवाखान्याचा फेरा तीन मैलांचा झाला होता. त्याने ते स्वतःच मला सांगितलं आणि मी लिहून ठेवलं, कारण वही तशीच लिहायची असे.

नागपूरहून आल्यावर दादासाहेबांनी वही पाहिली. गाडीवानाचं कसं आहे ते विचारलं. पाय घोट्यातून कापला, जगला, असं मी सांगितलं. ठीक, म्हणाले. मग त्यांनी चांदमियाला बोलावलं.

“ही खेप माझी नव्हती,” ते म्हणाले. “तुम्ही परवानगीवाचून गाडी नेलीत.”

“साहेब, तो मानूस मरून राह्यला होता. घाटात टाकून येऊ का?”

“तुम्ही माणूस म्हणून योग्य केलंत. पण मी ते माफ केलं तर ते तीन मैल माझे होतात. माफ नाही केलं तर ते तुमचे राहतात.”

चांदमियाला काही कळलं नाही. मला कळलं. नोकराने न विचारता गाडी नेली आणि मालकाने त्याला काढून टाकलं, तर तो वापर मालकाचा ठरत नाही. रकाना रिकामा राहतो. दादासाहेबांनी त्याला दोन महिन्यांचा पगार जास्त दिला, आणि स्वतःच्या हाताने दाखला लिहून दिला की हा मनुष्य सचोटीचा व कामात निष्णात आहे. चांदमियाने तो मला वाचायला लावला. मग दाखला त्याने टेबलावर परत ठेवला.

“यात लिवा ना साहेब, मले काऊन काढलं ते,” तो म्हणाला. “बाकीचं लोकायले माहीत हाये.”

दादासाहेबांनी खरोखर पेन उचललं. काय लिहावं याचा विचार केला. तोवर चांदमिया पायऱ्या उतरून गेला होता. पैसे त्याने नेले. घरात पाच खाणारी तोंडं होती.

दोन महिन्यांनी तो गाडीवान कुबडीवर आला, टोपलीभर वांगी आणि कारली घेऊन, मोटारवाल्या भाऊला भेटायला. मी सांगितलं, ते खामगावला गेले. त्याने टोपली दाराशी ठेवली. दादासाहेबांनी ती उचलून परत द्यायला लावली. आपला त्यांच्याशी काही संबंध आलेला नाही, म्हणाले.

त्या वेळी मी नोकरी सोडायला हवी होती. सोडली नाही. कारणं सांगायला बसलो तर पुष्कळ निघतील, आणि त्यातलं एकही मला धड वाटत नाही.

मधल्या काळात इन्कमटॅक्सचे दुसरे साहेब आले होते. त्यांनी वही न उघडताच नेहमीचा पाव भाग कापला. दादासाहेबांनी नागपूरपर्यंत अपील नेलं. तिथून हुकूम आला की वही तपासून निर्णय द्यावा. दोन वर्षांची वही एकदम तपासली जाणार होती, आणि तपासायला पहिलेच साहेब पुन्हा येणार होते. दादासाहेब त्या दिवसांत जवळजवळ आनंदात असत. वही स्वतः चाळत, शेवटच्या रकान्यावरून बोट फिरवत.

त्यांच्या आई अमडापूरला राहत. तिथे थोडी शेती होती, घर होतं, आणि म्हातारीला बुलढाण्याची हवा थंड वाटे. त्या आजारी पडल्या म्हणून माई आठ दिवस आधीच सर्व्हिस मोटारीने गेल्या होत्या. एका सकाळी, कोर्टाला निघायच्या वेळी, अमडापूरहून त्यांचा गडी गुलाब आला. धापा टाकत होता.

“आजीचं काही खरं नाही, दादा. तुमाले पाहू म्हणते. आताच चाला.”

दादासाहेबांनी कोर्टात अर्ज पाठवला, टोपी घातली आणि मला बरोबर घेतलं. चिखलीच्या एका पक्षकाराला नकला नेऊन द्यायच्या होत्या. ते काम दुसऱ्या दिवशीचं होतं, ते त्यांनी त्याच दिवसावर घेतलं. मला बरं वाटलं. म्हटलं, चला, चिखलीपर्यंतचे मैल कामाचे झाले, पुढचे लिहू कसेतरी. नवा ड्रायव्हर तुळशीराम होता. त्याने गाडी जोरात काढली. गुलाब त्याच्या शेजारी बसला होता.

चिखलीला पक्षकाराच्या दारात दहा मिनिटं लागली. नकला दिल्या, पोच घेतली. तुळशीरामने इंजिन चालूच ठेवलं होतं. दादासाहेब बाहेर आले, मीटरपाशी वाकले, आकडा वाचला, आणि म्हणाले, “इंजिन बंद करा. इथून पुढे काम नाही.”

त्यांनी तुळशीरामला एखादा बैलांचा छकडा मिळतो का पाहायला सांगितलं. अमडापूरवरून खामगावकडे जाणारी सर्व्हिस सकाळीच निघून गेली होती. अमडापूर तिथून बारा-तेरा मैल. मोटारीला अर्धा-पाऊण तास. छकड्याला चार तास.

“मोटार हाये ना, दादा,” गुलाब म्हणाला. तो भांडत नव्हता. त्यांना दिसली नसेल म्हणून दाखवत होता.

“आहे,” दादासाहेब म्हणाले.

मी धीर करून म्हटलं, दादासाहेब, आजचं मी लिहीत नाही. ते म्हणाले, मग वही खोटी होईल. मी म्हटलं, मग खाजगी लिहू. जाऊन-येऊन एवढे पंचवीस मैल. कुणी काही म्हणणार नाही.

त्यांनी माझ्या हातातली वही घेतली. उघडली नाही. नुसती धरली. त्यांचा आवाज कापलेला मी आयुष्यात तेवढा एकदाच ऐकला.

“गोविंदराव, दोन वर्षं झाली हो.”

मग छकडा आला. ते त्यात चढले, गुलाब मागे बसला, आणि ते निघाले. मी तुळशीरामला म्हणू शकलो असतो, चल, त्यांना गाठू, बळजबरीने आत घालू. गाडीची किल्ली आमच्याकडे होती. आम्ही मोटारीच्या सावलीत बसून राहिलो. दुसऱ्या दिवशी दुपारी निरोप आला: आई गेली, गाडी घेऊन बुलढाण्याला जा. मी पक्षकाराच्या ओसरीवर बसून वहीत लिहिलं, ‘गाडी चिखलीस उभी.’

पुढचं मला माईंनी सांगितलं. म्हातारी शुद्धीवर होती. सकाळपासून रस्त्याकडे कान लावून होती. लांबून एखादी मालाची मोटार गेली की म्हणायची, आला. मोटार पुढे निघून गेली की गप्प व्हायची. छकडा अमडापूरपासून दोन कोसांवर असताना ती गेली. छकडा दारात आला तेव्हा माई बाहेर आल्या. त्यांनी विचारलं, गाडी बिघडली का? दादासाहेब म्हणाले, नाही, चिखलीला आहे. माई वळून आत गेल्या.

चौदाव्या दिवशी दादासाहेब एकटे परत आले. माई मागाहून येतील, म्हणाले.

त्यानंतर महिन्याभराने डाक बंगल्यात तपासणी झाली. साहेबांनी दोन तास वही पाहिली. कोर्टाच्या तारखा ताडून पाहिल्या, पेट्रोलच्या पावत्या पाहिल्या. चांदमियाच्या तीन मैलांपाशी थांबले, खुलासा वाचला, ओठ आवळले, पुढे गेले. मग चिखलीच्या पानावर आले. मैल जुळत होते. पण गाडी दीड दिवस चिखलीत उभी का, हे त्यांना कळेना. वही माझ्या हातची, म्हणून त्यांनी मला शपथ देऊन विचारलं.

मी सांगितलं की दादासाहेबांच्या आई अमडापूरला वारल्या, ते तिकडे गेले होते.

“कशानं गेले?”

“छकड्यानं.”

साहेबांनी पेन खाली ठेवलं. किती तास लागतात, ते त्यांनी विचारलं. मी सांगितलं. भेट झाली का, विचारलं. नाही, म्हटलं. मग ते दादासाहेबांकडे वळले. त्या तरुण माणसाचा चेहरा लाल झाला होता.

“वकीलसाहेब, तो पाव भाग मी अविश्वासानं कापला नव्हता. माणसाला घर असतं, एवढं गृहीत धरलं होतं.”

दादासाहेबांनी क्षणभर विचार केला. “असं गृहीत धरायला कायद्यात आधार नाही,” ते म्हणाले.

साहेबांनी सगळा खर्च मंजूर केला. शेवटी मला सही करायची होती की वहीतली प्रत्येक नोंद माझ्या माहितीप्रमाणे खरी आहे. मी सही केली. प्रत्येक नोंद खरी होती. खऱ्यावर सही करताना इतकी लाज मला त्याआधी कधी वाटली नाही, नंतरही नाही.

बाहेर पडल्यावर वकील मंडळींनी त्यांचं अभिनंदन केलं. आता फोटो लावताना हाच किस्सा सांगतील बहुतेक: एकट्या वकिलाने पाव भागासाठी नागपूरपर्यंत झगडून खातं नमवलं. छकड्याचं कुणाला माहीत नाही.

माई महिनाभराने आल्या नाहीत, दोन महिन्यांनीही आल्या नाहीत. सासूबाईंच्या घराला कुणीतरी पाहिजे, असा निरोप होता. दिवाळी जवळ आली तेव्हा दादासाहेबांनी मला माईंचे कपडे आणि औषधं घेऊन सर्व्हिसने अमडापूरला पाठवलं. त्या ओसरीवर लसूण सोलत बसल्या होत्या. अंगाने उतरल्या होत्या, पण चेहरा निवांत होता. मला जेवू घातलं. निघताना नेहमीसारखा त्यांनी माझा हात धरला.

“त्यांना सांगा, मी रागावलेली नाही. त्यांनी मला न्यायला यावं. चिखलीला काम नको, इथं काम नको. नुसतं मला न्यायला म्हणून मोटार घेऊन आले, तर मी त्याच दिवशी निघेन.”

हा निरोप मी वाटेत पुन्हा पुन्हा घोकला, एक शब्द इकडेतिकडे होऊ नये म्हणून, आणि बुलढाण्याला पोचताच तसाच्या तसा सांगितला. दादासाहेब टेबलाशी बसले होते. ऐकून घेतल्यावर बराच वेळ ते खिडकीबाहेर मोटारीकडे बघत होते. मला खरंच वाटलं, उठतील. नऊ वर्षांत त्या एका घटकेला त्यांच्याबद्दल मला काहीतरी चांगलं वाटायच्या बेतात होतं.

मग त्यांनी एक पाकीट ओढलं, आतल्या बाजूला काहीतरी लिहिलं, आणि म्हणाले, “त्यांना कळवा, सर्व्हिसच्या भाड्याचे पैसे मनिऑर्डरीने पाठवतो.”

माई पुढे सात वर्षं अमडापूरला राहिल्या आणि तिथेच गेल्या. शेती त्यांनी गुलाबच्या मदतीने चांगली केली. बहिणीच्या मुलाचं शिक्षण केलं. बुलढाण्याला परतल्या नाहीत.

लढाई सुरू झाली, पेट्रोलला कुपनं आली, आणि दादासाहेबांनी मोटार खामगावच्या एका तेल गिरणीवाल्याला विकली. विकताना शेवटचा आकडा वाचून मला लिहायला लावला. त्याच महिन्यात मी नोकरी सोडली. त्यांनी मला दाखला दिला. त्यात माझी स्तुती होती, आणि ती सगळी खरी होती. खामगावला मला एका जिनिंगच्या कचेरीत काम मिळालं. चांदमिया तिथल्याच एका मालमोटारीवर होता. आम्ही वर्षानुवर्षं एकमेकांना भेटत राहिलो, पण दादासाहेबांचं नाव आमच्यात कधी निघालं नाही.

मी त्यांना शेवटचं पाहिलं ते खामगाव स्टेशनावर, माई गेल्यानंतरच्या उन्हाळ्यात. मी कापसाच्या गठाणींच्या पावत्यांसाठी मालधक्क्यावर गेलो होतो. जलंब जंक्शनला जाणारी गाडी लागलेली होती, सुटायला अर्धा तास होता. तिसऱ्या वर्गाच्या डब्यासमोर एक म्हातारा बाकावर बसला होता, पायाशी ट्रंक, डोळ्यांवर उजेड अडवायला हिरवी पट्टी. जवळ गेल्यावर ओळखलं. नागपूरला मोतीबिंदूचं ऑपरेशन करायला चालले होते. बरोबर कुणी नव्हतं. हमालाने ट्रंक बाकापाशीच टाकून दिली होती.

मी नाव सांगितलं. ते माझ्या आवाजाच्या दिशेने वळले आणि म्हणाले, गोविंदराव, बरे आहात ना. मी ट्रंक डब्यात चढवली, त्यांना हात धरून वर घेतलं, खिडकीपाशी बसवलं. त्यांचा हात फार हलका लागला. समोरच्या बाकावर जागा होती. त्यांनी चाचपडत त्या जागेवर हात ठेवला.

“बसता का गाडी सुटेपर्यंत?” ते म्हणाले. “काही विशेष नाही. नुसतं.”

मी उभाच होतो. मालधक्क्यावरचं माझं काम उरकलं होतं. घरी जेवायला जायला तासभर अवकाश होता.

“नाही,” मी म्हटलं. “मला काम आहे.”

“मग जा,” ते लगेच म्हणाले, “काम असेल तर जा.” आणि त्यांनी त्या जागेवरचा हात उचलून आपल्या मांडीवर घेतला.

मी खाली उतरलो आणि मागे न बघता स्टेशनाबाहेर आलो. बाहेर लिंबाच्या झाडाखाली तांगेवाले झोपलेले होते. तिथे सावलीत मी उभा राहिलो. गाडी सुटल्याचं ऐकू येईपर्यंत उभा होतो.